ठाण

दाराची बेल वाजली तेव्हा मी वरच्या खोलीत ऑफिसचं काम करत बसले होते. पडदा बोटभर बाजूला करून खाली पाहिलं. बारा-तेरा वर्षांची मुलगी. केस मागे घट्ट ओढून बांधलेले, कानांत सोन्याच्या मोठ्या रिंगा आणि दोन्ही हातांत पाण्याचे रिकामे कॅन. तिनं पुन्हा बेल दाबली, दोन पावलं मागे सरकली आणि वर खिडकीकडे पाहिलं. मी पडदा सोडला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली. गेली.

बार्शी तालुक्यातल्या आमच्या घरी दारात कुणीही आलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे यायचा, काम काय ते नंतर. पोस्टमन असो, वासुदेव असो, नाहीतर रस्ता विचारायला थांबलेला ट्रकवाला असो. पाण्याला नाही म्हणू नये, असं आजी म्हणायची. त्या घरातली मी, इकडे इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका छोट्या गावात, स्वतःच्या घरात पडद्याआड लपले होते. का, तर एक पोर पाणी मागायला आली होती.

ते येणार हे मला ठाऊक होतं. बाहेरच्या नळाची चावी मी आदल्या रात्रीच काढून स्वयंपाकघराच्या खणात टाकली होती.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली ही गोष्ट. आमच्या घरामागे मोठं मैदान आहे, इथले लोक त्याला रेक म्हणतात. फुटबॉलचे दोन गोल, मुलांचे झोके, कडेला सार्वजनिक शौचालय. सकाळी उठून पाहिलं तर मैदानावर अकरा पांढऱ्या कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची घरं, उभ्या, शेजारी व्हॅन, दोन-तीन घोडे खुंटाला बांधलेले. मी फोटो काढला आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आले आहेत. सायकली वगैरे आत घ्या." तासाभरात सत्तर-ऐंशी मेसेज पडले. शेडला कुलूप लावा. कुणी दार वाजवलं तर उघडू नका. बाहेरच्या नळाच्या चाव्या काढून ठेवा. एकानं मुलांना एकटं सोडू नका असंही लिहिलं, आणि त्यावर मीच अंगठा दाखवला होता.

'आले आहेत.' कोण आले आहेत, हे लिहायची गरज मला पडली नाही.

इथं राहून मला पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्याविषयी माझं ज्ञान ऐकीवच होतं. इंग्लंडमध्ये भटके म्हणून ओळखले जाणारे समाज एकापेक्षा जास्त आहेत. रोमानी जिप्सी हे भारतातून निघालेल्या लोकांचे वंशज. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं पोचले. ते इजिप्तहून आले असावेत अशी लोकांची समजूत झाली, त्यावरूनच जिप्सी हे नाव पडलं. आयरिश ट्रॅव्हलर हे वेगळे, त्यांचं मूळ आयर्लंडमधलंच. आणि अलीकडच्या काळात रोमानिया, स्लोव्हाकिया अशा देशांतून आलेले रोमा आणखी वेगळे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ७१,००० लोकांनी स्वतःची नोंद जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी केली, तर सुमारे १ लाख लोकांनी रोमा अशी. यातले बहुतेक आता विटांच्या घरांत राहतात. जे चाकांवर राहतात त्यांतल्या बहुतेकांच्या कॅरव्हॅनसुद्धा परवानगी असलेल्या जागांवर उभ्या असतात. मैदानावर, पार्किंगमध्ये, रस्त्याच्या कडेला थांबणारे त्यातले थोडेच. भांडणं सगळी या थोड्यांवरून.

आमच्या मैदानावर आलेली कुटुंबं अॅपलबीच्या जत्रेला निघाली होती. कम्ब्रियातल्या अॅपलबी गावी दरवर्षी जूनच्या सुरुवातीला घोड्यांचा बाजार भरतो. इंग्लंड-आयर्लंडभरातून जिप्सी आणि ट्रॅव्हलर तिथं जमतात, ईडन नदीत घोडे धुतात, सौदे करतात, पोरापोरींची लग्नं ठरतात. बघे तर त्यांच्याहून जास्त. माझ्या ऑफिसातले दोघेजण दरवर्षी खास फोटो काढायला जातात. नदीत उतरलेला घोडा, त्याच्या उघड्या पाठीवर बसलेला पोरगा, उडणारं पाणी. फोटो खरोखर सुंदर असतात. तो पोरगा वाटेत रात्री कुठं झोपला, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आता इथं मला शेजाऱ्यांची बाजू सोडायची नाही, कारण ती खोटी नव्हती. रविवारी दहा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉलची शेवटची मॅच होती, ती रद्द झाली. माझा मुलगा त्या संघात होता, दोन दिवस धुसफुसत होता. मैदानाच्या कोपऱ्यात झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा आणि जुन्या फरशीच्या तुकड्यांचा ढीग पडला. कुणीतरी कुणाच्या तरी बागेचं काम घेतलं असणार आणि राडारोडा इथं आणून टाकला असणार. कुंपणामागच्या झुडपांत माणसांची घाण दिसू लागली. समोरच्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या बाई रोज कुत्र्याला घेऊन त्या वाटेनं जायच्या, त्यांनी जाणं बंद केलं. त्यांना कुणी काही केलं नव्हतं, पण त्यांना भीती वाटत होती आणि ती भीती ढोंगी नव्हती. गावाच्या हॉलमध्ये सभा झाली तेव्हा त्या उठून एवढंच म्हणाल्या, की हे मैदान आमचं आहे ना? त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला ते फार लागलं.

सभेत दुसरंही बरंच बोललं गेलं. कर भरत नाहीत, चोऱ्या होतात, पोलीस घाबरतात. आणि एक वाक्य असं आलं की मी चमकले. एक गृहस्थ म्हणाले, "खऱ्या जिप्सींबद्दल आमची काही तक्रार नाही. लाकडी रंगीत गाड्या, घोडे, ते वेगळे लोक होते. हे ते नव्हेत." हे मी कुठंतरी ऐकलं होतं. आमच्या गावात लोक हेच म्हणायचे, फक्त शब्द वेगळे. जुने वैदू औषध द्यायचे, आताचे नुसते भुरटे.

आमचे आजोबा गावचे पोलीस पाटील होते. गावाबाहेर ओढ्यापलीकडे गायरान होतं, तिथं सुगीनंतर पालं पडायची. घिसाडी यायचे. त्यांच्या बायका घण मारायच्या, पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचे आणि आठ दिवसांत गावाच्या विळ्या-खुरप्यांना धार चढायची. नंदीवाले यायचे, कडकलक्ष्मी यायची, कधी गाढवांवर बिऱ्हाड लादून वडार यायचे. पाल पडलं की त्याच संध्याकाळी आजोबा धोतराचा सोगा सावरत, काखेत वही मारून तिकडे जायचे. मी लहान, त्यांचं बोट धरून जायची. ते पालातली माणसं मोजायचे. बापये किती, बाया किती, पोरं किती, जनावरं किती. कुठून आलात, कुठं जाणार. मग म्हणायचे, "तीन दिस. चौथ्या दिवशी दिसला तर फौजदाराला कळवावं लागेल बघा." हे ते रागानं म्हणत नसत. आमच्या आजोबांना मी कधी कुणावर हात उगारलेला पाहिलेलं नाही. शेकोटीजवळ बसून ते त्यांचा गूळ घातलेला चहासुद्धा प्यायचे. पण वहीत आकडा लिहिल्याशिवाय उठायचे नाहीत.

ती वही कुठून आली, हे मला मोठेपणी कळलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या जमातीत जन्मलं म्हणजे माणूस जन्मतःच गुन्हेगार. त्यानं हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. १९११ नंतर मुंबई इलाख्यातही तो जारीनं लागू झाला. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, आतली माणसं हजेरी देऊन गिरणीत कामाला जायची. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. मी आजोबांबरोबर पालावर जात होते ते १९८५-८६ साल. कायदा जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. वही तशीच होती.

ज्या देशानं तो कायदा आपल्याकडे पाठवला त्याच देशात मी आता राहते. इथला इतिहास वाचायला बसले तर तीच वही पानापानावर सापडली. १५३० साली आठव्या हेन्रीच्या काळात 'इजिप्शियन' म्हणवणाऱ्या लोकांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा झाला. १५५४ मध्ये तर जिप्सी म्हणून देशात राहणंच फाशीच्या लायकीचं ठरवलं गेलं. हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ. पण १९६० च्या कॅरव्हॅन कायद्यानं गावोगावच्या सामाईक कुरणांवर कॅरव्हॅन उभी करायला बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना दिला. शेकडो वर्षांच्या थांबायच्या जागा भराभर बंद झाल्या. मग माणसं रस्त्यावर आली, ओरड झाली, तेव्हा १९६८ च्या कायद्यानं कौन्सिलांवर अशा कुटुंबांसाठी जागा तयार करण्याची सक्ती केली. कितीतरी कौन्सिलांनी टाळाटाळ केली. ज्यांनी जागा दिल्या त्यांनी बऱ्याचदा मोटरवेच्या कडेला, सांडपाण्याच्या केंद्राशेजारी, कचरा डेपोलगत दिल्या. आणि १९९४ मध्ये ती सक्तीही काढून टाकली. २०२२ चा कायदा आणखी पुढचा. एकच गाडी असली आणि तिच्यामुळे मोठं नुकसान, अडथळा किंवा त्रास होतोय असं ठरलं, तरी जागा न सोडणं हा फौजदारी गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, आणि गाडी जप्त. गाडी म्हणजे घर, हे लक्षात घ्या. पोलिसांनी एकदा जागा सोडायला सांगितलं की बारा महिने तिकडे फिरकायचं नाही, असंही त्यात घातलं. मे २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं या बारा महिन्यांच्या बंदीला मानवी हक्कांशी विसंगत ठरवलं. आजोबा निदान तीन दिवस द्यायचे.

आमच्या मैदानावर कौन्सिलचा माणूस दुसऱ्याच दिवशी येऊन कागद चिकटवून गेला. लगेच जागा सोडा, नाहीतर कोर्टाचा हुकूम आणू आणि बेलिफ येतील. जाताना त्यानं आणखी एक काम केलं. सार्वजनिक शौचालयाला मोठं कुलूप लावलं. मी हे माझ्या खिडकीतून पाहिलं. झुडपांत घाण दिसू लागली ती त्यानंतर. सभेत मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पाचव्या दिवशी मी गेले. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. खणातून चावी काढली, नळ सोडला, दोन कॅन भरले आणि मैदानावर गेले. पाय जड झाले होते, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच कॅरव्हॅनच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. ते लोक कॅरव्हॅनला ट्रेलर म्हणतात. सत्तरीच्या पुढची असावी. कमरेला स्वच्छ एप्रन, पांढऱ्या केसांची वेणी. तिच्या पुढ्यात गवतावर स्टीलची तीन घमेली ओळीनं मांडलेली होती, लखलखीत, आपल्याकडे दिवाळीला भांडी घासून उन्हात ठेवतात तशी. मी कॅन खाली ठेवायला गेले आणि घाईच्या भरात त्यातल्या एका घमेल्यात हात विसळायला वाकले. ती ओरडलीच. मग माझा चेहरा पाहून हसली. म्हणाली, "त्यात नाही पोरी. ते जेवणाच्या भांड्यांचं. हात त्यात बुडवलेस तर मला ते फेकून द्यावं लागेल."

आणि मग तिनं सगळं समजावून सांगितलं. एक घमेलं फक्त ताटल्या-कपबशांचं. दुसरं हात-तोंड धुवायचं. तिसरं कपड्यांचं. एकाचं काम दुसऱ्यात केलं की ते मोकडी झालं, म्हणजे बाटलं. मांजर घरात घ्यायची नाही, ती स्वतःचं अंग चाटते. आणि जिथं अन्न शिजतं त्या ट्रेलरमध्ये संडास? तिनं नाक मुरडलं. तुम्ही लोक स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून संडास बांधता आणि आम्हाला घाणेरडं म्हणता, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं ऐकताना मला आमच्या गावच्या वाड्यातला परसातला संडास आठवला, आणि घरात संडास बांधायचा म्हटल्यावर दोन दिवस न जेवलेली आजी आठवली. सोवळ्यातलं पाणी, ओवळ्यातलं पाणी. आमच्या आजीला ही बाई पाच मिनिटांत कळली असती. (आपल्या विटाळानं मात्र माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, हेही मला त्याच क्षणी आठवलं. हिचे नियम हिच्या स्वतःच्या हातांपुरते होते.)

तेवढ्यात तिनं आतल्या कुणाला तरी हाक मारली. वाक्य इंग्रजीच होतं, पण त्यात एक शब्द स्पष्ट ऐकू आला. पानी.

मी विचारलं, काय म्हणालात? ती म्हणाली, पानी. वॉटर. आमचा शब्द आहे. मी म्हटलं, आमचाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही पायरीवर बसून लहान पोरींसारख्या एकमेकींना शब्द दाखवत राहिलो. नाकाला ती नोक म्हणाली. कानाला कान. केसांना बाल. येक, दुई, त्रिन, स्टोर, पांश. पाचापुढे तिला येत नव्हतं, आईला वीसपर्यंत यायचे म्हणाली. युरोपातल्या रोमा लोकांत सहाच्या पुढचे सात, आठ, नऊ हे आकडे ग्रीक आहेत, असं मी नंतर वाचलं. वाटेत जिथं जिथं मुक्काम पडला तिथली भाषा अंगाला चिकटत गेली.

ती म्हणाली, तिच्या लहानपणी दर दहा-पंधरा मैलांवर एक अॅचिन टान असायचा. थांबायची जागा. टान म्हणजे जागा. गवताची वाट, ओढा, घोड्यांना चारा, शेतात बटाटे काढायचं नाहीतर बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं तोडायचं काम. शेतकरीच बोलावून घ्यायचा. आता त्या एकेका जागेपुढे दगड टाकलेत, चर खणलेत, नाहीतर वर घरं उठलीत.

टान. घरी येऊन मी शोधलं. संस्कृत स्थान, रोमानी थान, तिच्या तोंडी टान. आपलं ठाण. तोच शब्द. झाडाखाली शेंदूर फासलेला दगड असतो ते देवाचं ठाण. घोडा बांधायची जागा म्हणजे ठाण. आणि कुणी उठायचं नाव घेत नसेल तर आपण म्हणतो, ठाण मांडून बसलाय. पोलीस ठाणंही त्याच घराण्यातलं. तिच्याकडे या शब्दाचा एकच अर्थ उरला होता, रात्रीपुरतं टेकायची जागा, आणि तेवढीही तिला कुणी ठेवली नव्हती.

या शब्दांच्या नात्यानं मी दोन दिवस भारावून गेले होते. ग्रुपवरच्या एका मराठी मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं. १९७१ च्या ८ एप्रिलला लंडनच्या कडेला ऑर्पिंग्टन इथं रोमा लोकांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथं त्यांनी निळ्या-हिरव्या झेंड्यावर मध्ये लाल चक्र घेतलं, आपल्या अशोकचक्राची आठवण करून देणारं, हेही सांगितलं. भारत सरकारनं त्या परिषदेला मदत केली होती, हेही. ती म्हणाली, म्हणजे आपलेच की गं ते!

फोन ठेवला आणि ते 'आपलेच' मला खुपायला लागलं. पलीकडच्या ओळीत आयरिश ट्रॅव्हलरांचे दोन ट्रेलर होते. त्यांच्या भाषेत पानी नाही. मग त्यांना पाणी द्यायचं नाही का? आणि भाषा एक असल्यानं जर काही होत असतं, तर आमच्या गायरानावर काय झालं? घिसाडी, नंदीवाले, डवरी गोसावी आमच्याशी मराठीतच बोलत होते की. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यातले बहुतेक आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत तिथं आठवडी बाजाराला पोचले होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यांनाही मराठीतच विनवणी करावी लागली असणार. मुलांना एकटं सोडू नका या मेसेजवर अंगठा दाखवताना मला राईनपाडा आठवलं नव्हतं. आता आठवतं, आणि झोप उडते.

चांगली माणसंही काय करतात, याचं एक उदाहरण डब्लिनचं आहे. १० ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे डब्लिनच्या दक्षिणेला कॅरिकमाइन्स इथल्या ट्रॅव्हलर कुटुंबांच्या तात्पुरत्या वस्तीला आग लागली. दहा जण गेले, त्यांत पाच लहान मुलं. देश हळहळला. वाचलेल्यांना तात्पुरतं ठेवायला कौन्सिलनं जवळच्याच एका छोट्या गल्लीलगतची जागा निवडली. गल्लीतल्या रहिवाशांनी गाड्या आडव्या लावून रस्ता अडवला. फुलं वाहणारं गाव तेच. शेवटी त्या कुटुंबांना जुन्या कचरा डेपोच्या जागेवरच्या पार्किंगमध्ये नेलं गेलं. मला त्या गल्लीतल्या लोकांना राक्षस म्हणता येत नाही. मी पडद्यामागे उभी होते ना.

आणि हे सगळं अटळ आहे असंही नाही, म्हणून तर जीव जास्त तळमळतो. आमच्यापासून पाऊण तासावर लीड्स आहे. तिथंही वर्षानुवर्षं हुसकावण्याचा खेळ चालायचा. या मैदानावरून त्या पार्किंगमध्ये, तिथून परत इकडे, दर वेळी वकील, बेलिफ, साफसफाई, सगळा खर्च लोकांच्याच पैशातून. २०१० च्या सुमारास लीड्स गेट या तिथल्या जिप्सी-ट्रॅव्हलर संस्थेनं कौन्सिलला बसवून वेगळी पद्धत सुरू केली. कुटुंबं आली की माणूस जाऊन बोलतो. जागा अगदीच अडचणीची असेल तर दुसरी दाखवतो. किती दिवस, किती ट्रेलर, शेकोटी कुठं, हे ठरतं, कागदावर येतं. कौन्सिल फिरतं शौचालय, कचऱ्याची मोठी पेटी आणि पाणी देते. कुटुंबं जागा स्वच्छ ठेवून ठरल्या दिवशी निघतात. खर्च कमी होतो आणि शेजाऱ्यांची तक्रारही कमी होते. एक कुलूप न लावणं आणि एक पेटी ठेवणं, एवढ्यावर माझ्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या बाईंचं फिरणं चालू राहिलं असतं.

आपल्याला तर ही पद्धत कुणी शिकवायला नको. आषाढीच्या आधी मराठवाड्याकडून येणाऱ्या दिंड्या आमच्या गावावरून जायच्या. शाळा, देऊळ, गायरान, लोकांचे ओटे, सगळीकडे माणूसच माणूस. सकाळी गावाबाहेर पाऊल टाकायची सोय नसायची. पण कुणी अतिक्रमण म्हटल्याचं मला आठवत नाही. मुक्काम म्हणायचे. आता तर सरकारच वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं आणि पाण्याचे टँकर ठेवतं, आणि ते योग्यच आहे. त्याच गायरानावर, सुगीनंतर तीन पालं पडली की आजोबांची वही निघायची.

नवव्या दिवशी पहाटे, बेलिफ यायच्या आधीच, ते गेले. मी उठले तेव्हा मैदान रिकामं होतं. ट्रेलर उभे होते तिथं गवतावर पिवळे चौकोन उरले होते. फांद्यांचा ढीग तसाच होता, तो त्यांनी उचलायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं. पण म्हातारीच्या ट्रेलरची जागा झाडून काढल्यासारखी होती. काळ्या पिशव्या तोंडं बांधून फाटकाशी ओळीनं ठेवलेल्या.

जूनमध्ये कौन्सिलनं मैदानाच्या फाटकावर उंचीचा लोखंडी दांडा बसवला आणि कडेनं मोठाले दगड टाकले. आता गावच्या जत्रेचा ट्रक आत येत नाही. शौचालयाचं कुलूप आठवड्यानं निघालं. सभेनंतर मी कौन्सिलला लीड्सच्या पद्धतीविषयी सविस्तर पत्र लिहिलं, पोच आली. ग्रुपवरही लिहिलं, ते पडदा, बेल आणि नळाच्या चावीसकट. दोघांनी ग्रुप सोडला. समोरच्या बाईंनी मला चहाला बोलावलं आणि विचारलं, तिला खरंच तीन घमेली लागतात का? आम्ही बराच वेळ बोललो.

दिवाळीत दादाला फोन केला तेव्हा गायरानाचं विचारलं. म्हणाला, तिथं आता पंचायतीनं कंपाउंड घातलंय, आत काही नाही. पालं कुठं पडतात मग? म्हणाला, बायपासच्या पुलाखाली असतात कधीमधी. कुणी जातं का विचारायला? तो म्हणाला, पोलीस जातात.

बाहेरच्या नळाची चावी मी परत बसवली आहे. यंदा मे संपत आला तसं रोज सकाळी उठल्यावर मागच्या खिडकीतून बघत होते. दगडांपलीकडे मुलं फुटबॉल खेळत होती, माझाही त्यात होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोटरवेच्या कडेला, ट्रकच्या थांब्यावर चार पांढरे ट्रेलर दिसले. मी ऐंशीच्या वेगात होते, थांबता आलं नाही. पुढच्या वळणावरून फिरून परत आले तोवर त्यांच्यामागे पोलिसांचा निळा दिवा लागलेला होता.